सेगमेंट रूटिंगमधला 'सेगमेंट' : खंड, तुकडा की टप्पा?

कामावर नवीन आलेल्या पोरांसाठी नेटवर्किंगची टिपणं मराठीत लिहायला घेतलीयेत आणि तीन शब्दांपाशी गाडी अडलीये, सेगमेंट, लेबल आणि व्हर्जन (आयपीव्ही४ मधला 'व्ही'). विषय सेगमेंट रूटिंगचा, म्हणजे पॅकेटने कुठून जायचं ते सुरुवातीच्या राउटरनेच ठरवून त्यावर लिहून द्यायचं. नेटवर्कच्या आतले राउटर नुसतं वरचं लेबल (पॅकेटवर लावलेला नंबर) बघून पॅकेट पुढे पाठवतात, त्यामुळे त्याच लेबलांवरून आयपीव्ही४ पण जातं आणि आयपीव्ही६ पण, मधल्या राउटरवर आयपीव्ही६ चालू नसलं तरी.

सेगमेंटला सगळे 'खंड' लिहितात. पण खंड वाचलं की पोरांना वाटतं पॅकेटचे तुकडे होतायत. टीसीपीतला सेगमेंट खरंच तुकडा असतो, तिथे खंड बरोबर आहे. इथे काहीच कापलं जात नाही, आधी अमुक राउटर गाठ, मग तमुक लिंकने बाहेर पड, मग शेवटचा राउटर, एवढंच सांगितलेलं असतं. म्हणून मला 'टप्पा' सुचला, एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात तो टप्पा. कसा वाटतो?

—

टप्पा छान आहे, खंडापेक्षा कितीतरी बरा. फक्त एक जोडा, २०१८ च्या आरएफसी ८४०२ मध्ये (सेगमेंट रूटिंगच्या मानक दस्तऐवजात) सेगमेंट म्हणजे 'सूचना' अशीच व्याख्या आहे, आणि ती सूचना दरवेळी अंतराबद्दलच असेल असं नाही, एखाद्या सेवेकडे वळवायचीही असू शकते. नाव टप्पा ठेवा, समजावताना सूचना म्हणा.

लेबलला मी आधी 'पाटी' म्हणायचो. जुन्या एलडीपीत (लेबलं वाटायचा आधीचा प्रोटोकॉल) प्रत्येक राउटर आपला वेगळा नंबर देतो म्हणून लेबल वाटेत बदलत जातं, पण सेगमेंट रूटिंगमध्ये सगळ्यांनी लेबल नंबरांची एकच रेंज ठेवली, सिस्कोच्या राउटरवर डिफॉल्ट १६००० ते २३९९९ असते, की १६००५ शेवटपर्यंत १६००५ च राहतं, एसटीच्या पाटीसारखं. पण पाट्या कोणी एकावर एक रचत नाही आणि लेबलं तर रचतात, म्हणून आता 'चिठ्ठी' म्हणतो, आणि रचलेल्या लेबलांच्या स्टॅकला 'चळत'. नाण्यांची असते तशी.

—

चळत एक नंबर! पण एका शब्दाबद्दल मनापासून सांगतो, 'नल'ला, म्हणजे खास कामासाठी राखून ठेवलेल्या लेबलांना, शून्य लिहू नका. पॅकेटवर खरंच लागणारं एक्सप्लिसिट नल आयपीव्ही४ साठी ० आहे आणि आयपीव्ही६ साठी २, मग '२ नंबरचं शून्य' असं वाचून पोरं गोंधळणारच. 'नाममात्र चिठ्ठी' म्हणा. आणि ३, म्हणजे इंप्लिसिट नल, पॅकेटवर कधी लागतच नाही, त्याचा अर्थ माझ्याकडे द्यायच्या आधीच वरची चिठ्ठी काढ.

हे महत्त्वाचं का, तर चिठ्ठी ३२ बिटांची, त्यात २० बिट नंबर, ३ बिट ट्रॅफिकचा वर्ग, १ बिट 'ही तळाची' म्हणून, ८ बिट टीटीएल (अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा), संपलं. आत काय आहे हे लिहायला जागाच नाही! ते तळाच्या चिठ्ठीच्या नंबरावरूनच ओळखायचं. ६पीई मध्ये (आयपीव्ही४ च्याच नेटवर्कमधून लेबलांवर आयपीव्ही६ नेण्याची पद्धत) दोन चिठ्ठ्या लावतात त्या ह्याचसाठी, शेवटून दुसरा राउटर वरची काढतो आणि खाली दुसरी नसेल तर फक्त आयपीव्ही४ कळणाऱ्या त्या राउटरच्याच हातात उघडं आयपीव्ही६ पॅकेट येतं.

आणि व्हर्जनला आवृत्ती नको प्लीज. पुस्तकाची नवी आवृत्ती आली की जुनी मागे पडते, इथे ३२ बिटी पत्त्याचं ४ आणि १२८ बिटी पत्त्याचं ६ एकाच वेळी चालतात आणि थेट एकमेकांशी बोलूही शकत नाहीत. मधला ५ नंबर तर स्ट्रीम प्रोटोकॉल नावाच्या वेगळ्याच प्रयोगाला दिलेला होता, तो ४ ची सुधारलेली आवृत्ती नव्हताच.

—

दोघांचेही खूप आभार, नल वाचून तर मी लिहिलेलं अख्खं पान खोडलं. आता असं ठरवलंय : टप्पा, चिठ्ठी, चळत, नाममात्र चिठ्ठी. व्हर्जनला शब्दच नको, 'दोन्ही आयपी' म्हणून भागतंय. पुशला 'चढवणे', पॉपला 'उतरवणे', स्वॅपला नुसतं 'बदलणे'. रूटिंगला 'मार्गण' सुचवलं होतं एकाने, पण संस्कृतात मार्गण म्हणजे बाण पण होतो आणि याचक पण, त्यामुळे ते रूटिंगच ठेवतोय.