मदत हवी आहे : मुंबईतील नाइट क्लबमध्ये प्रथमच जाणार आहोत, जाणकारांनी मार्गदर्शन करावे

नमस्कार. मी अंबाजोगाईची, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, वय ४४. माझ्या नणंदबाई जालन्याला असतात आणि त्यांची २३ वर्षांची मुलगी नोकरीनिमित्त अंधेरीत राहते. मे महिन्यात भाची सुट्टीवर आली असताना तिने मोबाइलवर एका नाइट क्लबमधली चित्रफीत दाखवली. वन्सं ती बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वरातीत नाचायचं म्हटलं की निम्मं ध्यान पदराकडं अन् निम्मं सासरच्या माणसांकडं. इथं तर कुणी कुणाकडं बघंना." त्याच दिवशी आमचा बेत ठरला. १ ऑक्टोबरला रात्री लातूरहून रेल्वेने निघायचे, २ तारखेला शाळेला सुट्टी असल्याने त्याच रात्री भाचीबरोबर क्लबमध्ये जायचे आणि ३ तारखेच्या रात्रीच्या गाडीने परतायचे, असे ठरले आहे.

जावे की जाऊ नये, हा माझा प्रश्न नाही. तो घरात निकाली निघाला आहे. यजमानांनी रात्री परत कसे येणार एवढेच विचारले. धाकट्या दिरांची समजूत मात्र अशी झाली आहे की आम्ही डान्स बारमध्ये चाललो आहोत, आणि क्लबमध्ये गिऱ्हाईक स्वतः नाचते, हे त्यांना पटवून देण्यात माझे दोन रविवार गेले. मी दारू घेत नाही. वन्सं कधीतरी वाइन घेतात, भाचीही थोडी घेते. आम्हाला मुख्यतः नाचायचे आहे आणि तो माहोल पाहायचा आहे.

धास्ती वाटण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मोठ्या शहरात डी.एड.च्या मैत्रिणींसह मी एका गच्चीवरच्या बारमध्ये गेले होते. आम्ही चौघींनी लिंबू सोडा आणि बटाट्याचे काप मागवले. पाणी मागितले तर न विचारताच सीलबंद बाटल्या फोडून ग्लास भरण्यात आले. बिल आले तेव्हा त्यात प्रवेशाचे वेगळे, बाटल्यांचे वेगळे आणि शिवाय सेवाशुल्क लावलेले होते. विचारणा केली तेव्हा तो मुलगा अदबीने, पण आमच्या पायांतल्या चपलांकडे पाहत म्हणाला, "मॅडम, इथे सगळेच देतात." आम्ही मुकाट्याने पैसे दिले. रक्कम गेल्याचे दुःख कधीच ओसरले, पण ती चपलांवरची नजर अजून आठवते.

म्हणून विचारते की पुरुष सोबत नसताना तीन स्त्रियांना प्रवेशाला अडचण येते का, साडी चालते का, आणि आमच्या वयाच्या बायका पाहून दारावर काही खळखळ होते का? बिलातले कोणते आकार द्यावेच लागतात आणि कोणते नाकारता येतात? लोअर परळ, वांद्रे आणि अंधेरी यांपैकी कोणता भाग आम्हाला सोयीचा पडेल? रात्री घरी परतण्याबद्दल तर जितके सविस्तर सांगाल तितके बरे.

प्रतिसाद १ (मूळ लातूर, मुक्काम मुंबई)

ताई, सर्वांत आधी आपली तारीख बदला. २ ऑक्टोबरला गांधी जयंती असते आणि त्या दिवशी राज्यभर ड्राय डे पाळला जातो. काही ठिकाणी नुसते खाणे मिळेल, पण नाचाची जागा बहुधा बंदच असेल. ३ तारखेला जा आणि परतीचे आरक्षण एक दिवस पुढे ढकला.

प्रवेशाबाबत निश्चिंत असा. मुंबईत दारावर अडवले जाते ते प्रामुख्याने नुसत्या पुरुषांच्या टोळक्यांना, आणि चपला पाहिल्या जातात त्याही बहुतेक त्यांच्याच. स्त्रियांना बऱ्याच ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो, आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी लेडीज नाइट ठेवलेली असते. तिघींनीही ओळखपत्र मात्र जवळ ठेवावे. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची आहे; त्यामुळे आपल्या भाचीला वाइन घेता येईल, व्हिस्की घेता येणार नाही. कायद्याने पिणाऱ्याजवळ परवानाही लागतो. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या पाट्यांवरचे 'परमिट रूम' हे नाव १९४९ च्या दारूबंदी कायद्यातल्या त्या परवान्यावरूनच पडले आहे, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते.

बिलाचे म्हणाल, तर दारात घेतात त्या पैशांना 'एंट्री' म्हणतात की 'कव्हर', हे आधी विचारावे. कव्हरची रक्कम खाण्यापिण्यात वळती होते, एंट्रीची होत नाही. आणि कव्हर असले तरी पूर्ण वळते होते की अर्धेच, हेही दारातच विचारून घ्यावे, कारण आत गेल्यावर आवाजात काही ऐकू येत नाही. सेवाशुल्क सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा 'सेवाशुल्क काढून बिल पुन्हा द्या' एवढे एक वाक्य शांतपणे म्हणावे. दारू जीएसटीच्या कक्षेत येत नसून तिच्यावर व्हॅट असतो, त्यामुळे बिलावर दोन वेगळे कर दिसले तरी गोंधळू नये. पाणी मागताना 'साधे पाणी' असे स्पष्ट सांगावे.

आता जागेविषयी. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आज ओळीने पब आहेत. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्या एकेक करून थंडावल्या त्यांच्याच त्या जागा, आणि आपण मराठी शिकवता म्हणून तिथून एकदा दिवसा फिरून यावे असे मी सुचवीन. रात्रीसाठी मात्र वांद्रे किंवा अंधेरी निवडावे. रिक्षा वांद्र्याच्या दक्षिणेला येत नाही, लोअर परळहून टॅक्सीच करावी लागते, आणि तीन बायकांनी रात्री दीड वाजता टॅक्सीवाल्याची मनधरणी करत उभे राहण्यात काही मजा नाही. मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंत मीटरवर २५ टक्के जादा भाडे रीतसर असते, तेवढे द्यावे. त्याहून अधिक मागितल्यास दुसरी रिक्षा पाहावी. बार साधारण दीडला बंद होतात, शेवटची लोकल एकच्या सुमारास निघून जाते आणि पहिली चारच्या सुमारास सुटते. म्हणून साडेबारालाच निघालात तर लोकल मिळते, महिलांच्या डब्यात रात्री पोलीसही असतात, आणि दीडला एकदम बाहेर पडणाऱ्या गर्दीत रिक्षासाठी भांडावे लागत नाही.

आणखी एक. नाचायचे असेल तर गच्चीवरची जागा घेऊ नका. मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, गणपतीतल्या डीजेला लागू होतो तोच हा नियम, त्यामुळे तिथे दहाला संगीत मंदावते आणि लोक नुसते बसून राहतात. बंद दालनाची जागा पाहावी.

प्रतिसाद २ (छत्रपती संभाजीनगर)

मी कामानिमित्त महिन्यातून एकदा मुंबईला जाते आणि मैत्रिणींबरोबर अशा ठिकाणी गेलेली आहे. साडीला कुणी हरकत घेणार नाही, परंतु नाचाच्या जागेची फरशी सांडलेल्या पेयांमुळे इतकी चिकट झालेली असते की पाऊल उचलताना चपलेचा चट्‌ असा आवाज होतो, आणि त्या फरशीवर निऱ्या लोळल्या की नव्या साडीचे काय होते ते मी अनुभवले आहे. सलवार-कुर्ता आणि पाठीमागे पट्टा असलेल्या सपाट चपला घालाव्यात.

पेय, मग ते नुसते सरबत का असेना, डोळ्यांसमोर ओतून घ्यावे आणि नाचायला जाताना ग्लास टेबलावर ठेवून गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नये, नवा मागवावा. आत शिरल्यावर बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता कुठे आहे, तो मी आधी शोधते. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागली तेव्हा १४ जण गेले, आणि त्यांतले बहुतेक जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते. दुसरा दरवाजा दिसला नाही तर मी सरळ बाहेर पडते. दिलेली एंट्री गेली तर जाऊ द्यावी.

ज्या रात्री जाणार त्या रात्री कोणते संगीत आहे, हे त्या जागेच्या इन्स्टाग्रामवर पाहून घ्यावे. 'बॉलीवूड नाइट' नसेल तर चार तास शब्दांवाचून नुसती धडधड चालते, आणि आपल्या नणंदबाई तेवढ्यासाठी जालन्याहून आलेल्या नसतील. कापसाचे बोळे पर्समध्ये असू द्यावेत.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो हे माझ्या ध्यानात येऊ नये, याची मला लाज वाटते, कारण शाळेतले गांधी जयंतीचे प्रास्ताविक गेली अकरा वर्षे मीच करते. परतीचे आरक्षण ४ तारखेचे करून घेतले आहे. भाचीने अंधेरीतली बंद दालनाची एक जागा शोधली असून ३ तारखेला तिथे हिंदी गाण्यांची रात्र आहे, आणि दुसरा दरवाजा स्वयंपाकघराच्या बाजूने उघडतो हे ती स्वतः जाऊन पाहून आली. दारातले पैसे 'कव्हर' आहेत आणि पूर्ण वळते होतात, हेही तिने विचारून घेतले.

वन्सं साडीवरच अडून बसल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे की नऊवारी नेसली तर निऱ्या लोळण्याचा प्रश्नच उरत नाही. नऊवारी नेसून कुणी क्लबमध्ये गेले असल्यास कृपया अनुभव कळवावा. मी अजून त्यांना होकार दिलेला नाही, पण नकारही देववत नाही.