उघड्या चाकांच्या शर्यती : सांगली-साताऱ्याकडचे जुने फोटो आणि आठवणी

सांगली, विश्रामबाग

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत फॉर्म्युला गाड्यांचा ट्रॅक नाही. चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर, कोइमतूरचा करी स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, सगळं लांबच्या प्रवासाचं. तरीही ओळखीपाळखीत विचारायला लागलो, की कुणाच्या ना कुणाच्या कपाटातून सिंगल सीटरचा, म्हणजे एकाच माणसाच्या शर्यतीच्या गाडीचा, एखादा फोटो निघतोच. ते सगळे एका जागी यावेत म्हणून हा धागा काढतो आहे.

फोटो टाका आणि त्याखाली लिहा : कुठला, साधारण कधीचा, कुणी काढला, कडेला कोण उभं आहे. गाडी कुठली हे कुणीतरी जाणकार ओळखेल. कडेचा माणूस मात्र घरातलंच कुणी ओळखू शकतं, आणि तीही माणसं आता सत्तरी-पंच्याहत्तरीची झाली आहेत. टीव्हीवर पाहिलेल्या शर्यतींच्या आठवणीही हव्या आहेत.

सुरुवात माझ्यापासून. भारतातली फॉर्म्युला वनची (एफ-वनची) पहिली ग्रां प्री, म्हणजे जागतिक स्पर्धेतली शर्यत, ३० ऑक्टोबर २०११ला झाली. त्या वर्षी भाऊबीज शुक्रवारी होती आणि रविवारी शर्यत. बहिणीनं पाडव्यालाच ओवाळलं आणि त्या रात्री मी आणि मामेभाऊ मिरजेतून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. शनिवारी सकाळी निजामुद्दीन, तिथून थेट सर्किट. तेव्हा २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं होती, मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत जाणारी. टीव्हीवर तो आवाज समालोचकाच्या मागं दबलेला असतो. तिथं शेजारच्याशी बोलायचं तर गाड्या पुढं निघून जाईपर्यंत थांबावं लागत होतं.

मी टाकतोय त्या फोटोत गाडीच नाही. शर्यतीआधी सगळे उठून उभे राहिले, तो क्षण आहे. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींचा ड्रायव्हर डॅन व्हेल्डन १६ ऑक्टोबरला लास व्हेगसला शर्यतीतल्या अपघातात वारला आणि मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल शर्यतींचा, मार्को सिमोन्चेली बरोबर आठवड्यानं सेपांगला तसाच गेला. त्या दोघांसाठी एक मिनिट स्तब्धता पाळली होती. इतकी मोठी गर्दी आणि सगळे गप्प. शेवटी फेटल जिंकला, सचिननं चौकड्यांचा झेंडा दाखवला, त्याचेही फोटो आहेत माझ्याकडं, पण ते कुठंही मिळतील.

सातारा, सदरबझार

मी साताऱ्याच्या स्कूटर कारखान्यात फिटर होतो. प्रिया स्कूटर निघायची तो कारखाना. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्यातला एकजण मद्रासला रेल्वे डब्यांच्या कारखान्यात लागला, त्याच्याकडं गेलो असताना त्यानं शोलावरमला नेलं. दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी, त्यावरच शर्यती व्हायच्या. झाड नाही, सावली नाही, ऊन नुसतं भाजून काढत होतं. माणसं मात्र जत्रेला यावी तशी आलेली.

माझ्याजवळ आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याच्या शटरचा वेग एकच, त्यामुळे धावत्या गाडीचा फोटो म्हणजे कागदावर ओढलेला पट्टा. तसे दोन-तीन काढल्यावर मी ट्रॅककडं पाठ केली आणि गाड्या उभ्या होत्या तिकडं गेलो. हे चार फोटो तिथले आहेत. ड्रायव्हर एकातही नाही, त्याबद्दल मित्र आजही बोलतो. पण मला जे बघायचं होतं ते यात आहे. विशबोन (चाक बॉडीला धरणारा दुहेरी दांडा), शॉकअब्सॉर्बर, स्टिअरिंगचा रॉड, एक्झॉस्टचे वळसे, सगळं बाहेर. स्कूटरवर झाकण काढल्याशिवाय काही दिसत नाही आणि इथं पूर्ण मशीन उघड्यावर मांडलेलं. पुढच्या चाकाचं विशबोन बॉडीला जिथं जोडलंय ते ब्रॅकेट बघा. ते हातानं कापून वेल्डिंग केलेलं आहे, घासल्याचे ओरखडेही दिसतात. त्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या अशाच गॅरेजमध्ये जुळवलेल्या असत. विजय मल्ल्या एन्साइन ही परदेशी एफ-वन गाडी घेऊन शोलावरमला उतरायचे, लोक तिच्याभोवती गोळा व्हायचे. माझं लक्ष या ब्रॅकेटवर होतं.

चौथ्या फोटोत पाना धरलेला एक हात आणि मनगटावरचं घड्याळ आलंय. त्या मेकॅनिकनं मला जवळ येऊ दिलं, काही विचारलं नाही. भाषा येत नव्हती दोघांनाही, खुणेनंच नटाचं माप विचारलं.

सांगली, विश्रामबाग

काका, फोटो सरळ उजेडात धरून पुन्हा काढाल का? नाकावरचा आकडा चमकेमुळे वाचता येत नाही. मागं काही लिहिलंय का तेही बघा.

सातारा, सदरबझार

मागं नुसतं ‘मद्रास’ आणि स्टुडिओचा शिक्का आहे. आकडा ७ किंवा १. नातीला सांगतो नीट काढायला.

कराड

माझ्याकडं फोटो नाहीत, कात्रणांची वही आहे. माझ्या धाकट्या भावाची. आता तो परदेशात असतो, वही माहेरी राहिली होती, ती मी घेऊन आले.

१ मे १९९४. रविवार होता आणि महाराष्ट्र दिन. आमच्या चाळीत केबल एकाच घरात, आणि तो तिथं संध्याकाळी जाऊन बसायचा. इटलीतल्या इमोलाच्या ट्रॅकवर सातव्या फेरीत टाम्बुरेलोच्या वळणावर ब्राझीलचा एफ-वन ड्रायव्हर आयर्टन सेना याची विल्यम्स गाडी भिंतीवर गेली, तेव्हा आपल्याकडं पावणेसहा वाजले असतील. तो घरी आला आणि जेवला नाही, एवढंच मला आठवतं. सेना गेल्याची बातमी पक्की कळेपर्यंत रात्र झाली. आईला वाटलं क्रिकेट हरले.

पुढं कितीतरी दिवस तो एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर उभा राहून मासिकं चाळायचा, शिळे अंक कमी पैशात आणायचा. वहीत सेनाची पानंच्या पानं आहेत. पण मला तिच्यातलं एक पान फार मोलाचं वाटतं. आदल्या दिवशी, शनिवारी, त्याच ट्रॅकवर रोलंड रॅट्झेनबर्गर नावाचा ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर गेला होता. पहिलंच वर्ष होतं त्याचं एफ-वनमधलं. त्याच्याबद्दल कुठं फारसं छापून येत नव्हतं. भावानं कुठून तरी तिकिटाएवढा फोटो मिळवला आणि पूर्ण पान त्याला दिलं. मधोमध तो फोटो, खाली नाव आणि तारीख. बाकी पान कोरं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हे सुचलं याचा मला आजही अभिमान आहे.

वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून कडा तुटायला लागल्या आहेत. पान उलटायचीही भीती वाटते. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

सांगली, विश्रामबाग

ताई, आधी सगळी पानं मोबाइलनं वरून सरळ फोटो काढून ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. मग पानांमध्ये ॲसिडविरहित कागद घाला आणि वही आडवी ठेवा, उभी नको. सेलोटेप अजिबात लावू नका, तिचा डिंक पुढं कागदात उतरतो.

फलटण

आमच्या घरचा फोटो टीव्हीचा आहे! ६ मार्च २००५, रविवारी सकाळी साडेआठ वाजता मेलबर्नची शर्यत. नारायण कार्तिकेयन जॉर्डन टीमच्या पिवळ्या गाडीत, एफ-वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय. वडिलांनी रोलचा कॅमेरा काढला आणि पडद्याचेच फोटो घेतले. पहिल्या दोनांत फ्लॅशचा पांढरा गोळा आहे. तिसऱ्यात पडद्यावर आडवा काळा पट्टा आहे, कारण जुन्या टीव्हीचं चित्र ओळीओळीनं उमटायचं आणि शटर भरभर मिटलं की अर्धंच चित्र सापडायचं. त्या पट्ट्याच्या वर पिवळं नाक आणि पुढचं एक चाक, एवढाच कार्तिकेयन. पण काचेवर आम्ही सगळे उमटलो आहोत : आजोबा, मी दप्तर घेऊन, आणि आई हातात चहाची किटली धरून. रविवारी दप्तर का होतं ते कळत नाही.

कुपवाड

मी इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या टीमनं फॉर्म्युला गाडी बांधली होती. विद्यार्थ्यांची स्पर्धा कोइमतूरला करी स्पीडवेवर होती. मोटरसायकलचं इंजिन, पाइपची चासी, चाकं उघडी. धावण्याचे फोटो भरपूर आहेत. मी टाकतोय तो कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमधला.

नियम असा की इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका गळ्यातून गेली पाहिजे, म्हणजे कुणाचं इंजिन लहान-मोठं असलं तरी ताकद आटोक्यात राहते. त्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. तपासणीत गेज घालून बघतात. आत हवा घुसळली की ताकद जाते, म्हणून दोन्ही बाजूंनी उतार अगदी गुळगुळीत हवा. आमच्याकडं ड्रॉइंग होतं, पण सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, करून घ्यायला पैसे नव्हते. या शेडमधल्या टर्नर काकांनी ड्रॉइंग बघितलं, म्हणाले, “पंपाचं काम आयुष्यभर केलंय, पाणी काय आणि हवा काय. ठेव इथं.” साध्या लेथवर, सुट्टीच्या दिवशी, ॲल्युमिनियमच्या रॉडमधनं त्यांनी तो काढला. आतून बोट फिरवून बघायचे आणि परत पॉलिश पेपर मारायचे. पैसे घेतले नाहीत, गाडीचा फोटो तेवढा मागितला.

तिथं तपासणीत गाडी ६० अंशांपर्यंत तिरकी करतात, पेट्रोल-तेल गळतं का आणि चाक उचलतं का बघायला. मग चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत अशी ब्रेकची परीक्षा. आम्ही दोन्हीत पास झालो. शेवटची २२ किलोमीटरची शर्यत असते, मध्यावर थांबून ड्रायव्हर बदलायचा आणि गाडी परत सुरू करायची. आमची तापलेली गाडी तिथं सुरूच झाली नाही. पोरं ट्रॅकच्या कडेला रडली, मीही रडलो. परत येऊन काकांना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, “गळा चालला का?” चालला होता.

फोटोत ते लेथजवळ उभे आहेत, तळहातावर रिस्ट्रिक्टर. मला हा फोटो आमच्या सगळ्या फोटोंपेक्षा मोठा वाटतो.

सांगली, खणभाग

आमचे हे हळदीच्या व्यापारात होते. सांगलीचा माणूस हळदीत असला की त्याचं इरोडला जाणं-येणं असतंच. सौदा उरकला की ते इरोडहून रात्रीच्या गाडीनं मद्रास गाठायचे आणि श्रीपेरुंबुदूरला शर्यती बघून यायचे. हा ट्रॅक १९९०मध्ये सुरू झाला. घरी पहिली काही वर्षं त्यांनी सांगितलंच नव्हतं, अल्बम दिसला तेव्हा कळलं.

२०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात खालचा मजला चार दिवस पाण्यात होता आणि अल्बम लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर उघडला तर चिकट पानांचे सगळे फोटो एकमेकांना धरून बसलेले, वर गाळ. हे ओढायला निघाले होते, मी थांबवलं. माझी बहीण फोटो स्टुडिओत काम करायची, तिनं सांगितलं तसं केलं : कोरडं झालेलं कधी ओढायचं नाही. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत बुडवून ठेवायचं, सैल झालं की कडेनं हळूहळू सरकवायचं. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, तो थर पाण्यानं साईसारखा मऊ झालेला असतो. मग जुन्या सुती साडीवर चित्र वर करून सावलीत वाळवायचे. निगेटिव्ह धुऊन चिमट्यानं दोरीला. एकदम सगळं जमत नसेल तर ओलेच फोटो मध्ये प्लॅस्टिक घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, तेवढ्यानं बुरशी थांबते.

साधारण निम्मे वाचले. हे गेले त्याला आता काही वर्षं झाली. जो टाकते आहे त्यात लाल-पांढरी छोटी गाडी आहे, कडांना रंग उतरलेत. मागं त्यांच्या अक्षरात ‘फॉ. मारुती, इंजिन ८००चे’ असं आहे. ही मारुती कारच्या इंजिनावर चालायची का?

कुपवाड

हो काकू. फॉर्म्युला मारुती म्हणजे मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन मागं बसवलेली सिंगल सीटर. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी ती बनवली, तरुण मुलांना परवडावी म्हणून. कार्तिकेयनही सुरुवातीला हीच चालवायचा. १९९५मध्ये करिवर्धन छोट्या विमानाच्या अपघातात गेले, आणि २००३मध्ये सुरू झालेल्या करी स्पीडवेला त्यांचंच नाव दिलं. आम्ही त्याच ट्रॅकवर होतो.

विटा (सध्या कोइमतूर)

आमचं गाव खानापूर तालुक्यात. आमच्याकडचा माणूस गलाईच्या धंद्यात देशभर पसरलाय, तसा मी चुलत्यांबरोबर पंधराव्या वर्षी कोइमतूरला आलो. सोनं-चांदी आटवायचं काम, भट्टीपुढं दिवस जायचा. आमच्या गल्लीतलं एक तमिळ पोरगं करिवर्धन यांच्या गाड्यांवर हेल्पर होतं. त्याच्यासंगं मी पयल्यांदा ती बुटकी गाडी बघितली. बसलं की जमीन हाताला लागती! मला बसवलं हुतं आत. त्याचा फोटो हाय, पण गावाकडच्या पेटीत.

कुपवाडच्या भावा, तुमची पोरं करीला आली तवा आमच्यातली दोन-तीन घरं तिथं बघायला आलती. मराठी ऐकू आलं म्हणून जवळ गेलो. तुम्ही रडत हुतासा, म्हणून काय बोललो न्हाई.

कुपवाड

दादा, ते तुम्ही होता? आमच्यासाठी रात्री डब्यातनं भाकरी आणि ठेचा कुणीतरी ठेवून गेलं होतं, लॉजवाल्याला नावही सांगितलं नव्हतं.

विटा (सध्या कोइमतूर)

आमच्या मालकिणीनं केलत्या भाकरी. ठेचा गावच्या मिरचीचा हुता.

मे महिन्यात यात्रेला गावी येतोय. पेटी उघडतो. त्यात निगेटिव्हबी असतील, बारक्या डब्यात गुंडाळलेल्या. विट्यात न्हाईतर सांगलीत निगेटिव्ह स्कॅन करणारं कोण हाय का तेवढं सांगून ठेवा. काकूंच्या लाल-पांढऱ्या गाडीसारखीच एक गाडी हाय माझ्या फोटोत, तीच हाय का बघू.