एअरबॅगचं मॉड्यूल (धडक ओळखून एअरबॅग उघडणारा कंट्रोल बॉक्स) रिसेट करू का नवीनच टाकू?

मंडळी, गेल्या आठवड्यात नाशिकला पाथर्डी फाट्यावर गाडी ठोकली, पुढच्या दोन्ही एअरबॅग फुटल्या, आम्ही सुखरूप आहोत पण मीटरवरचा एअरबॅगचा दिवा जातच नाही, द्वारकेजवळचा मेकॅनिक म्हणतो मॉड्यूल रिसेट करून देतो. करू का?

उत्तर १: भाऊ, धडकेचा डेटा मॉड्यूलच्या मेमरीत लॉक होतो, साध्या स्कॅनरने जात नाही. मेमरी पुसून देणारे आहेत, दिवा विझतोही, पण आतल्या सेन्सरला मार बसलाय का ते कोण बघणार? घरची माणसं बसतात त्यात, नवीनच टाका आणि कोडिंग करून घ्या, म्हणजे ते तुमच्या गाडीशी जुळवून घ्या.

उत्तर २: सीटबेल्टही बघा दादा! धडकेत बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर एकदाच उडतो, माझ्या गाडीत बेल्ट अर्ध्यावर अडकून बसलेला, बदलावाच लागला. आणि बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय हात लावू देऊ नका, मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज उरतो.

आत्ताच ओढून पाहिला, ड्रायव्हरचा बेल्ट हलतच नाहीये. मॉड्यूल नवीनच घेतो, बेल्टपण.