मदत हवी आहे: जुना राली-वुल्फ ड्रिल 110 व्होल्टचा की 230चा?

मंडळी, अ‍ॅल्युमिनियम बॉडीचा पाव इंची राली-वुल्फ आहे. नेमप्लेटवर नाव वाचता येतं, व्होल्टेज आणि सिरियल नंबर घासून गेलेत. पॉलिश पेपर मुद्दाम लावलेला नाही, उरलेले आकडेही जातील. तिरका टॉर्च मारल्यावर शेवटचं शून्य तेवढं उमटतं, आणि ते तर दोन्हींत येतं!

110चा असेल तर 230वर बेफाम फिरून आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळेल, म्हणून सप्लाय दिलेला नाही. सिरीज बल्बने (ड्रिलच्या वाटेत बल्ब जोडून) शॉर्ट कळेल, व्होल्टेज नाही. बॉडी धातूची असून वायर दोन कोअरची घातलेली आहे. अर्थिंगसह तीन कोअर टाकून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी तपासायचं आहेच.

कोणाकडे हाच ड्रिल चालू स्थितीत असेल तर कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) काढून फील्ड कॉइलचा (मोटरच्या स्थिर वाइंडिंगचा) रेझिस्टन्स मोजून सांगाल का? माझ्या ड्रिलशी ताडून व्होल्टेज ठरवता येईल. सोबत प्लेटचा फोटोही टाका.

कार्बन झिजून 5 मिमी उरलेत. मूळ लांबी किती? जाडीही हवी: घट्ट बसला तर होल्डरमध्ये अडकतो, सैल बसला तर कॉम्युटेटरवर (कार्बन जिथे घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) ठिणग्या उडतात.