सल्ला हवा: पीएस२ आणि जुन्या कॅसेटवाल्या गेमसाठी कोणता स्केलर घेऊ?

माळ्यावरचा_खजिना (सहकारनगर)
नमस्कार मंडळी. माळा आवरताना दोन खोकी सापडली. एकात पीएस२ (प्लेस्टेशन २), दुसऱ्यात लहानपणीचा कॅसेटवाला गेम. दोन्ही चालतात! पण घरी आता ५५ इंची ४के टीव्ही आहे आणि त्याला पिवळी पिन लावायला जागाच नाही. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून एव्ही टू एचडीएमआयचा छोटा पांढरा डबा आणला. चित्र येतं, पण धुरकट. सात वर्षांची लेक म्हणते, "बाबा, मी बटण दाबल्यावर हा उशिरा उडी मारतो." तिचं बरोबर आहे. मला तिच्यासोबत हे नीट खेळायचंय. जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी नीट मोठं करणारा डबा, म्हणजे स्केलर, म्हणून ओएसएससी घेऊ की रेट्रोटिंक? बजेट पंचवीस हजार.

जुन्या_पिना (सदाशिव पेठ)
आधी डब्याचं काय चुकतंय ते समजून घ्या, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. कॅसेटवाला गेम सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण चित्रं पाठवतो, पण प्रत्येकात साधारण २४० ओळीच असतात. डब्याला वाटतं, ही मोठ्या चित्राची अर्धी अर्धी आहेत, एकदा सम ओळी आणि एकदा विषम. मग तो दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं एकात एक विणतो.

घरीच बघा. मार लागल्यावर मारिओ लुकलुकतो ना? ट्यूबच्या टीव्हीवर तो झिरझिरीत दिसायचा. या डब्यातून त्याच्या अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतील, नाहीतर तो मधेच गायब होईल. चांगला स्केलर हा २४० ओळींचा सिग्नल ओळखतो. बाकी सगळं त्यानंतर.

आणि आजच टीव्हीचा गेम मोड चालू करा. बराचसा उशीर बहुतेक वेळा टीव्हीचाच असतो.

सोल्डरप्रेमी (धायरी)
तुमच्यासाठी ओएसएससी नको. ती मला फार आवडते. येणारी प्रत्येक ओळ दोन ते पाच पट करून लगेच पुढे पाठवते, त्यामुळे उशीर जवळपास शून्य. पण तिला पिवळी पिन चालत नाही, आरजीबी किंवा कंपोनंटच (चित्राचे भाग वेगवेगळ्या तारांतून नेणारी जोडणी) लागतं. तुमच्या कॅसेटवाल्याकडे तर पिवळीच आहे. शिवाय पीएस२चे बहुतेक गेम खरोखरच सम-विषम ओळींचे असतात आणि ते ओएसएससीवर थरथरतात.

रेट्रोटिंक ५एक्स प्रो पिवळी, एस-व्हिडिओ, कंपोनंट, स्कार्ट अशा सगळ्या जुन्या जोडण्या घेतो. पीएस२च्या ओळी जोडताना काय हलतंय आणि काय स्थिर आहे ते पाहून जोडतो, म्हणून थरथर जाणवत नाही. किंमत ३०० डॉलरच्या आसपास, वर कुरियर आणि कस्टम्स. रेट्रोटिंकचं ४के मॉडेल २०२३ साली आलं तेच ७५० डॉलरला. तुमच्या कामासाठी त्याची गरज नाही.

फक्त कॅसेटवाला खेळणार असाल तर रेट्रोटिंक २एक्स मिनी पुरे. पिवळी आणि एस-व्हिडिओ एवढंच घेतो, ओळी दुप्पट करतो, उशीर लावत नाही.

रविवारचा_फेरफटका
राव, जुन्या बाजारात ट्यूबचा टीव्ही बघा की! बुधवारी किंवा रविवारी जा. सोबत कन्सोल न्या आणि लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. लुकलुकणारा मारिओ जसा दिसायला हवा तसा तिथेच दिसतो.

सोल्डरप्रेमी (धायरी)
मान्य आहे. पण तो तिसऱ्या मजल्यावर चढवायला दोन माणसं लागतात, आणि बिघडला तर दुरुस्त करणारे आता मोजकेच.

माळ्यावरचा_खजिना (सहकारनगर)
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गेम मोड लावला, उडी बरीच वेळेवर आली. कंगव्याच्या रेघा मात्र तशाच आहेत, आता कळल्यापासून नजर तिकडेच जाते. ५एक्स घ्यायचं ठरवलंय. दिवाळीत मामेभाऊ अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून मागवतो. कस्टम्स धरून बजेटच्या थोडं वर गेलं तरी चालेल. तोवर पीएस२ची कंपोनंट केबल घेऊन ठेवू ना?

जुन्या_पिना (सदाशिव पेठ)
जरूर घ्या, दोन्ही कन्सोलमध्ये सगळ्यात जास्त फरक पीएस२ला त्या केबलने पडेल. फक्त पिवळी पिन काढायच्या आधी, आत्ताच्या डब्यावर चित्र दिसतंय तोवर, पीएस२च्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आउट हे आरजीबीवरून वाय सीबी सीआरवर आणा. नाही केलंत तर नव्या केबलवर रंग बिघडतात आणि माणसाला वाटतं केबलच खराब निघाली. आणि गेम सुरू होताना ५० की ६० हर्ट्झ असं विचारलं तर ६० निवडा.