‘जाऊ का?’ ते ‘जाते’ : मुले मोठी होताना पालकांचे अनुभव

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या मुलीने पोळी मोडता मोडता सांगितले, ‘‘मम्मी, मी अकरावी लातूरलाच करणार.’’ तोवर तिची बहुतेक वाक्ये ‘जाऊ का’, ‘घेऊ का’, ‘येऊ का’ अशी असत. त्या दिवशी वाक्याच्या शेवटचा ‘का’ गळून पडला होता, आणि मी शिक्षिका असूनही ही व्याकरणातली गोष्ट माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. आमच्या अंबाजोगाईत चांगली महाविद्यालये नाहीत असे मुळीच नाही. पण लातूर पॅटर्नचे, म्हणजे तिथल्या निकालांसाठी गाजलेल्या अभ्यासपद्धतीचे, नाव ऐकत वाढलेल्या मुलांना लातूरची वाट आईवडिलांनी दाखवावी लागत नाही.

मोठ्या शहरांतले मूल बारावीनंतर किंवा नोकरी लागल्यावर घर सोडते. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतील आणि तालुक्याच्या गावांतील कितीतरी मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षीच लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली करून राहू लागतात, त्यामुळे आपल्याकडच्या पालकांना सवय करून घ्यायला मुळातच वेळ कमी मिळतो. मुलांना काय शिकवावे यावर सगळेच बोलतात, म्हणून येथे ते नको. मूल विचारायचे थांबून सांगू लागले तेव्हा तुमच्यात काय बदलले, की काहीच बदलले नाही, एवढे पालकांनी येथे मोकळेपणाने लिहावे. नावे लिहिण्याची आवश्यकता नाही.

अहमदपूर तालुक्यातील एक शेतकरी

आमच्या घरी हा बदल डब्यामुळे कळला. मुलगा लातूरला राहायला गेला तेव्हा मेस परवडत नव्हती असे नाही, परंतु त्याच्या आईच्या मते मेसचे वरण म्हणजे हळद घातलेले पाणी होते. म्हणून ती पहाटे साडेचारला उठून भाकरी, कोरडी भाजी, शेंगाची चटणी असा डबा करी आणि मी तो फाट्यावर नेऊन सकाळच्या एस.टी.त ठेवी. आमच्या भागातून अशा किती पिशव्या रोज लातूरला जात हे ज्यांनी ती गाडी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. प्रत्येक डब्याच्या झाकणावर ऑइल पेंटने नाव लिहिलेले असे, बसस्थानकावर मुले उभी असत आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत येई. डबा चाटूनपुसून आला की त्याची आई खूश असे, आणि भाकरीचा चतकोर शिल्लक असला की रात्री मला फोन लावायला सांगे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एस.टी.चा संप पेटला आणि आमच्या गावाची गाडी बंद झाली. पहिले तीन-चार दिवस मी मोटारसायकलवर डबा पोचवला. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, ‘‘अप्पा, उगं कशाला चकरा मारायलात? मी करून खायलाव.’’ त्याने मित्राकडून शेगडी आणली होती आणि खिचडी, अंडी, पिठलं एवढे त्याला जमू लागले होते. मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा त्याची आई आनंदी होईल असे मला वाटले होते. ती त्या रात्री जेवली नाही.

एप्रिल २०२२ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या तशी तिने पहिल्याच दिवशी धपाटे करून डबा पाठवला. संध्याकाळी तो अर्धा भरलेला परत आला. मुलाला मेसची वेळ, अभ्यासिकेची वेळ आणि मित्रांबरोबरचे जेवण सोडून बसस्थानकावर येणे आता नको होते, पण आईला सरळ सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून तो आठवडाभर अर्धे खाऊन अर्धे परत पाठवत राहिला. शेवटी मीच दोघांच्या मध्ये पडलो आणि डबा बंद केला. त्याबद्दल माझ्या कारभारणीने मला अजून पुरते माफ केलेले नाही. त्या डब्यात आता करडईचे बियाणे असते. झाकणावरचे नाव तसेच आहे.

नांदेडमधील एक गृहिणी

माझा अनुभव लहान आहे आणि त्यात मीच चुकले. मुलगी पुण्याला अभियांत्रिकी शिकायला गेली तेव्हा तिच्या मोबाईलवरचे ठिकाण मला दिसावे अशी व्यवस्था मी करून घेतली होती, आणि दिवसातून वीस-वीस वेळा ते बघत असे. एकदा रात्री दहाला ती वसतिगृहाऐवजी दुसरीकडे दिसली म्हणून मी तिच्या तीन मैत्रिणींना फोन केले. ती एका आजारी मैत्रिणीला घेऊन दवाखान्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने ते ठिकाण दिसणे बंद केले आणि शांतपणे म्हणाली, ‘‘तू बघत बसतीस म्हणून मी तुला सांगायचंच बंद केले होते.’’ हे खरे होते. आता ती स्वतःहून सांगते. सगळे सांगत नसणार, हेही मला कळते.

परभणी जिल्ह्यातील एक आई

मालक गेले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची होती. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर माझे आणि दोन्ही लेकरांचे नाव लागले आणि त्यांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून पुन्हा माझे नाव आले. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसांच्या वतीने पाहणारी व्यक्ती, असा त्याचा अर्थ तलाठ्याने समजावला, तेव्हा मला तो शब्द आधी लागला, कारण माझी मुले अज्ञान नव्हती, लहान होती. पुढे त्याच तीन अक्षरांचा मला आधार वाटू लागला. पीककर्जाला, विम्याला, दुष्काळाच्या अनुदानाला, जिथे जाईन तिथे कागदावर लेकरांच्या वतीने मी होते. दीर आणि भावकी यांच्यापुढे बोलताना मला दुसरे कोणते बळ नव्हते.

मुलाला अठरा पूर्ण झाले त्याच महिन्यात तो म्हणाला, ‘‘मम्मी, अपाक कमी करून घ्यायचंय, मी अर्ज भरलाव.’’ म्हणजे भरू का असे विचारले नाही, भरून झाला होता. हल्ली तो अर्ज मोबाईलवरून होतो, वयाचा दाखला जोडावा लागतो, मग तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते) फेरफार धरतात आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. नोटीस घरी आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. कायद्याने कोणाचेही काही हिरावले जात नव्हते, माझा स्वतःचा हिस्सा आणि नाव तसेच होते, तरी आपल्याला कामावरून कमी केल्यासारखे मला वाटले आणि मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. त्याला कारण कळले नाही, आणि ते मला सांगताही आले नाही. येथे पहिल्यांदाच लिहीत आहे.

केज तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षक

हा अनुभव माझा नाही. एका ऊसतोड मजुराने सांगितला आणि त्याच्या परवानगीने लिहीत आहे, कारण आपण सर्व जण मूल घर सोडते असे गृहीत धरून लिहीत आहोत, आणि आमच्या भागात दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात ते आईबाप.

मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ ठरतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कारखान्याच्या तळावर असतो. मुले लहान असताना ती बरोबर जात. थोरली मुलगी शाळेत रमली तेव्हा तिला व धाकट्याला गावात आजीपाशी आणि काही वर्षे हंगामी वसतिगृहात ठेवले. आजी वारल्यावर सोळाव्या वर्षी घर तिच्याकडे आले. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) आम्ही घरी आलो तर चूल तिची, हिशेब तिचा. धाकट्यानं भाकर तिला मागितली, मायला नाही. मायनं पीठ काढलं तर पोरगी म्हणली, तू बस, दमून आलीस.’’ त्या माऊलीला बसणे माहीत नव्हते. ती आठ दिवस आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरली. नंतर मुलीनेच आईला दुकानाच्या उधारीची वही दाखवली आणि दोघींनी मिळून ती फेडण्याचा क्रम लावला. त्या वहीतले अक्षर मी पाहिले आहे. माझ्या वर्गात तिला इतके नीट लिहिण्याचा कंटाळा असे.

औसा तालुक्यातील एक आजी

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या शेतातल्या सणाला, आमच्या शेतात चाळीस-पन्नास पानांचा स्वयंपाक होत असे. कडब्याची कोप (खोपी), पांडवांची पूजा, भज्जी (शेंगा-भाज्यांची मिसळ भाजी), उंडे, आंबील, आणि आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन शेतापर्यंत चालत जाणे हे मी चव्वेचाळीस वर्षे केले आहे. त्या दिवशी लातूरचा बाजार ओस पडतो आणि आमच्याकडे स्थानिक सुट्टी असते, पण पुण्यातल्या कंपन्यांना वेळ अमावस्या कशी माहीत असणार? दोन्ही मुले तिकडे आहेत. पहिली तीन वर्षे मी फोनवर रडले आणि त्यांना रजा काढून यायला लावले. ती आली, पण मोबाईलवर काम करत बांधावर बसली. चौथ्या वर्षी मी बोलावले नाही. तेव्हा मोठ्याने अमावस्येच्या आदल्या दिवशी फोन करून आंबिलीला ताक किती आंबलेले लागते, ज्वारीचे पीठ कधी कालवायचे आणि लसूण किती, असे सगळे लिहून घेतले. भज्जीत ओली तूर मिळाली नाही म्हणून त्याने नुसता वाटाणा घातला होता. त्याचे छायाचित्र पाहिले. रंग चुकला होता. मी त्याला चांगली झाली म्हणून सांगितले, हे खोटे बोलणे मला या वयात नव्याने शिकावे लागले.

हिंगोली जिल्ह्यातील एक वडील

वरील अनुभवांतील पालक समजूतदार आहेत, मी नव्हतो. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून मी त्याला बारावीनंतर एक वर्ष थांबवून पुन्हा नीटची परीक्षा द्यायला लावली. दुसऱ्यांदाही गुण कमी पडले तेव्हा मी अजून एक वर्ष म्हणालो आणि त्याने, मला न विचारता, परभणीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. मी त्याला चारचौघांत नको ते बोललो. दीड वर्ष तो घरी आला तरी आईशीच बोले आणि माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ एवढेच. या दीड वर्षाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ते गेले.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये तो म्हणाला की सोयाबीन यंदा रुंद सरी वरंब्यावर पेरायचे. आमची जमीन भारी काळी, पाऊस लागला की पाणी तुंबून पीक पिवळे पडते. गादीवाफ्याच्या दोन्ही बाजूंच्या सऱ्यांतून जास्तीचे पाणी निघून जाते आणि पावसाने ओढ दिली तर सरीतली ओल कामी येते, हे त्याने मला मातीवर रेघा ओढून दाखवले. मी म्हणालो, एक एकर घे, बाकी माझ्या पद्धतीने. त्याने विद्यापीठाचेच एमएयूएस १६२ वाण निवडले, कारण ते उंच वाढते आणि हार्वेस्टरने काढता येते. ऑगस्टमध्ये झड लागली तेव्हा त्याचे एकर हिरवे होते आणि माझी तीन एकरे पिवळी पडली. उतारा किती आला ते लिहीत नाही, शेजारी वाचत असतील. यंदा पेरणीच्या आधी मीच त्याला विचारले, ‘‘पेरू का?’’ तो म्हणाला, ‘‘थांबा, शंभर मिलिमीटर पडू द्या.’’ मी थांबलो.

छत्रपती संभाजीनगरमधील एक नोकरदार आई

मुलगी वाळूजला नोकरी करते, सत्तावीस वर्षांची आहे, आणि ‘पोरीचं कधी?’ हा प्रश्न नातेवाईक आता तिला न विचारता मला विचारतात. मी ‘तिला विचारा’ असे सांगू लागल्यापासून विचारणारे निम्म्याने कमी झाले. एवढेच लिहायचे होते.

अंबाजोगाईहून, सुरुवातीला लिहिणारी शिक्षिका

परभणी जिल्ह्यातील ताईंना एक विचारते. तुम्ही मुलाच्या अर्जाविषयी लिहिले. मुलीच्या नावापुढचा अ.पा.क. शेरा निघाला का? माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच घरांत मुलाचा वेळेवर काढला जातो आणि मुलीचा तसाच राहतो, कारण ती सासरी जाणार असते. पुढे लग्नानंतर तिच्या हिश्शाचा प्रश्न निघतो तेव्हा ती पंचविशी ओलांडूनही कागदावर अज्ञानच असते.

परभणी जिल्ह्यातील एक आई

ताई, खरे सांगते, राहिला होता. भावकीतले म्हणाले होते की एकदम लग्नाच्या वेळी पाहू, आणि मीही गप्प बसले होते. तुमचा प्रश्न वाचून मी तिला फोन केला. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली की दादाचा अर्ज झाला तेव्हापासून तिला हे माहीत आहे, पण मला वाईट वाटेल म्हणून थांबली होती. काल सुट्टीला आली आणि ओसरीवर बसून मोबाईलवर अर्ज भरू लागली. मी चष्मा लावून जवळ बसले आणि मला कुठे सही करायची ते विचारले. ती म्हणाली, ‘‘मम्मी, तुझी सही लागत नाही.’’