मदत हवी आहे: बर्चिल्सच्या नावाड्यांचं मिशन

नमस्कार मंडळी. सध्या मुलीकडे इंग्लंडमध्ये वॉल्सॉलला आले आहे. रोज कालव्याच्या काठाने फिरायला जाते आणि तिथल्या बर्चिल्स भागातल्या वरच्या लॉकपाशी (होडी वरखाली नेण्यासाठी पाणी भरायचा-सोडायचा, दारं असलेला हौद) हमखास थांबते. 1841 मध्ये इथे आठ लॉकांची पायरी बांधून वॉल्सॉलचा कालवा वायर्ली-एसिंग्टन कालव्याला जोडला. मग कॅनक भागातला कोळसा थेट खाली कारखान्यांकडे जाऊ लागला. लॉक भरेपर्यंत नावाड्याला थांबावंच लागे. थंडीपावसात बसायला जागा एकच, दारूचा गुत्ता!

म्हणून 1900 च्या सुमारास खलाशी आणि नावाड्यांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेने लॉकच्या अगदी शेजारी विटांचं विश्रामघर बांधलं. तेच हे मिशन: ऊब, चहा-कॉफी आणि प्रार्थना. ती इमारत अजून उभी आहे, पुढे काही वर्षं तिथे कालव्याचं संग्रहालयही होतं.

मला खरी ओढ आहे ती बायकामुलांची. लांबच्या फेऱ्यांवरची कित्येक कुटुंबं सात फूट रुंदीच्या नावेतल्या इवल्याशा खोलीत राहत. 1877 च्या कायद्याने अशा राहत्या होड्यांची नोंदणी सक्तीची केली, पण रोज गाव बदलणारं मूल शाळेत बसणार कधी? ऊसतोड कामगारांची मुलं आठवली आणि गलबलून आलं.

मिशनच्या हजेरीवह्या, पत्रं, फोटो किंवा नावाड्यांच्या आठवणी कुठे पाहायला मिळतील? बर्मिंगहॅमकडच्या कुणी स्थानिक अभिलेखागारात काम केलं असेल तर सुरुवात कुठून करू, तेवढं सांगा. महिनाभर इथेच आहे.